रंगीत आतले कपडे: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

काय करायचं आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे कापड आणि मापांच्या धांदलीत ते बाजूला पडणार नाही. ट्रान्स माणसांसाठी आतले कपडे शिवायचे आणि ते मनसोक्त रंगीत शिवायचे. गॅफ (पुढचा उभार सपाट ठेवणारी घट्ट चड्डी), बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा), पॅकर म्हणजे लिंगाच्या आकाराचा कृत्रिम भाग ठेवता येईल अशी बॉक्सर आणि कप घालायला आतून खिसा असलेली मऊ ब्रा. या चारही गोष्टी मिळतात, आणि बनवणाऱ्यांतले काही जण फार मनापासून बनवतात. पण गटातल्या सगळ्यांनी आपापले वापरातले कपडे टेबलावर आणून ठेवले तेव्हा त्यात काळा, पांढरा, करडा आणि तो फिकट 'स्किन कलर' एवढेच रंग निघाले. त्या 'स्किन'शी टेबलाभोवतीच्या एकाचंही अंग जुळत नव्हतं.

असं का होतं ते मला कळतं. वरच्या कपड्यातून आतलं काही दिसू नये ही गरज खरी आहे. पण नजरेआड राहण्यासाठीच सगळं बेतलं की कपडा बँडेजसारखा वाटायला लागतो. सकाळी अंगावर पहिल्यांदा जे चढवायचं ते उपचारासारखं का वाटावं? मी स्वतः गेली कित्येक वर्षं गॅफ घालते. तो हातात घेतल्यावर बरं वाटावं, एवढं मला हवं आहे, आणि माझ्यासारख्या अनेकांना हवं आहे याची मला खात्री आहे.

९ जानेवारी

वापरणाऱ्यांशी बोलणं झालं. कुणाला काय आवडेल याचे अंदाज बांधून न जाता नुसते रंगांचे तुकडे पसरून ठेवले आणि उचला म्हटलं.

एका ट्रान्स पुरुषाने मोठ्या फुलांचं कापड उचललं. लहानपणी फुलाफुलांचे कपडे त्याच्यावर लादले गेले होते, म्हणून मोठा झाल्यावर त्याने ते वर्ज्य केले. आता स्वतःहून निवडायचे आहेत, आणि तेही बॉक्सरवर. आमच्यातल्या सगळ्यांत वयस्क ताईंनी डाळिंबी सोडून कशाकडे पाहिलंच नाही. चकाकी हवी, म्हणाल्या, आणि काठाला लेस. एका नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणाऱ्या, मैत्राने पिवळा आणि जांभळा एकत्र धरला आणि पहिला प्रश्न रंगाबद्दल विचारलाच नाही. डब्यावर 'पुरुषांसाठी', 'स्त्रियांसाठी' लिहिणार का, हे त्याला आधी ऐकायचं होतं. लिहिणार नाही. मापं कंबर, नितंब, छाती अशी सेंटिमीटरमध्ये असतील आणि कपड्याचं नाव त्याच्या कामावरून असेल.

एक जण शेवटपर्यंत गप्प बसला होता. निघताना म्हणाला, रंग मलाही हवाय, पण घरात माझे कपडे धुतले जातात, वाळत पडतात, घड्या घातल्या जातात. तिथे कुणाला कळता कामा नये. हे वाक्य मी वहीत सगळ्यांत वर लिहिलं आहे. बाहेरून साधा आणि आतून रंगीत असा एक प्रकार करायलाच हवा. रंग ज्याचा आहे त्याला दिसला की पुरे.

पाळी येणाऱ्यांसाठी शोषक थर असलेल्या बॉक्सरचीही मागणी आली. ती पुढच्या खेपेला.

१६ जानेवारी

आज दिवसभर कापड आणि रंग. हा भाग रुक्ष वाटेल, पण सगळं यावरच उभं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रत्येक धाग्याला आपापला रंग लागतो. सुताला रिअ‍ॅक्टिव्ह रंग, जे १९५६ पासून बाजारात आहेत आणि धाग्याशी रासायनिक बंध जोडून बसतात, म्हणून धुण्याने सहसा जात नाहीत. नायलॉनला अ‍ॅसिड रंग. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग. आपला कपडा म्हणजे या सगळ्यांची मिसळ. अंगाशी सूत, दाब द्यायला नायलॉनची पॉवर नेट, म्हणजे ताणली जाणारी मजबूत जाळी, आणि दोन्हींत ताणासाठी स्पँडेक्सचा लवचिक धागा. एकच 'मोरपंखी' तीन कापडांवर तीन तऱ्हेचा येतो. तो जुळवत बसण्यापेक्षा मी ठरवलं आहे की जाळीचा रंग मुद्दाम वेगळाच ठेवायचा. पुढचा भाग मोरपंखी, बाजू शेंदरी. जुळवण्याचा प्रश्नच मिटतो आणि दिसतंही छान.

यात एक गोष्ट अशी निघाली की तिच्यामुळे माझा या कामावरचा विश्वास वाढला. काळा म्हणजे बिनधोक, हा समज खरा नाही. डिस्पर्स ब्लू १०६ आणि डिस्पर्स ब्लू १२४ हे दोन रंग त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठी त्वचारोगतज्ज्ञांना चांगले परिचित आहेत आणि ते गडद निळ्या-काळ्या पॉलिएस्टर कापडांत सापडत आले आहेत. कपडा घट्ट, वर घाम आणि घर्षण, अशा ठिकाणी धाग्यात कच्चा बसलेला रंग त्वचेवर उतरतो. गॅफच्या आणि बाइंडरच्या बाबतीत हे सगळं एकत्र येतं. त्यामुळे आमच्या कपड्यात अंगाला लागणारा थर कुठेही पॉलिएस्टरचा नसेल. तो सुताचा, रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा.

रंगाऱ्याकडून कागदपत्रंही मागितली आहेत. काही अ‍ॅझो रंगांतून घातक अ‍ॅरोमॅटिक अमाइन ही कर्करोगकारक मानली जाणारी रसायनं सुटतात. युरोपीय संघाने २००२ मध्ये त्यासाठी कापडाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. घातक रसायनांसाठी कापड तपासणारं ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चं प्रमाणपत्र असलेलं कापड मिळालं तर उत्तम. त्यात त्वचेला लागणाऱ्या कपड्यांचा वर्ग दुसरा, तोच पाहायचा.

२१ जानेवारी

कापडाचे नमुने आले. डाळिंबी अप्रतिम. पोपटी जरा मळकट आलाय, परत पाठवला.

२८ जानेवारी

गॅफ.

ज्यांनी कधी शिवला नाही त्यांना तो साधी चड्डी वाटतो. त्याचं काम वेगळं आहे. टकिंग करताना वृषणं वर जांघेतल्या पोकळीत सरकवली जातात, बाकीचं मागे दोन पायांच्या मध्ये घेतलं जातं आणि हे सगळं दिवसभर जागेवर राहावं लागतं. नेहमीच्या चड्डीत पुढचा भाग ताणतो आणि आसनाची पट्टी अरुंद असते. चालताना ती एका बाजूला सरकते आणि मग रस्त्यात थांबून कुठे आडोसा मिळतो का ते पाहावं लागतं. ते भय डोक्यात घेऊन जगणं काय असतं हे घालणारीलाच ठाऊक.

म्हणून पुढचा भाग दुहेरी, उभ्या दिशेला जवळजवळ न ताणणारा. आसनाची पट्टी पुढे रुंद, मागे हळूहळू निमुळती. आसनात आडवी शिवण अजिबात नाही, कारण जिथे दाब सर्वांत जास्त तिथेच ती बसते आणि काचते. पुढचा तुकडा आणि आसन एकाच अखंड तुकड्यात बेतले आहेत. शिवण बाजूंनी वर जाते आणि जांघेच्या घडीपासून जरा आत राहते. पायाला रुंद, मऊ इलॅस्टिक, कारण अरुंद इलॅस्टिक रुतून वळ उठवतं. ताणाच्या कापडाला बॉलपॉइंट सुई, तीन टाक्यांचा झिगझॅग. साध्या सरळ टिपेने शिवलं तर पहिल्यांदा वर ओढतानाच दोरा तुटतो.

कंबरेचा भाग असा हवा की पटकन खाली घेता येईल आणि पटकन परत नीट बसवता येईल. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुन्हा सगळं बसवण्याच्या कटकटीपायी अनेक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून धरतात आणि मग मूत्रमार्गाच्या संसर्गाने हैराण होतात. यावर रंगाचा काही उपाय नाही, कापण्याचा आहे. कंबरपट्टी दोन बोटं रुंद केली आणि बाजूंच्या जाळीला जास्त ताण दिला. आता एका हाताने होतं.

६ फेब्रुवारी

छपाईचे तुकडे आले आणि ताणाचा प्रश्न डोळ्यांसमोर आला. टेबलावर पसरलेलं फुलांचं कापड सुरेख दिसतं. तेच अंगावर चढल्यासारखं दोन हातांनी ताणलं की पाकळीच्या मधोमध बारीक पांढऱ्या रेघा उघडतात. छपाई वरच्या पृष्ठभागावर बसलेली असते. विणीचे फासे उघडले की त्यांच्या बाजू आणि आतला स्पँडेक्स दिसायला लागतो, आणि स्पँडेक्स रंग फारसा धरतच नाही. गडद रंगात हे जास्त जाणवतं. जाड शाईची स्क्रीन छपाई तर ताणल्यावर तडकते.

यातून वाट काढली ती अशी. छपाईआधी कापड पांढरं ठेवायचं नाही, चित्रातल्या मुख्य रंगाच्याच फिकट छटेत आधी रंगवून घ्यायचं. मग फासे उघडले तरी खालून अबोली किंवा आकाशी डोकावतो, पांढरा नाही. दुसरं, चित्र काढतानाच ताण धरून काढायचं. कपडा मापापेक्षा साधारण १० टक्के कमी बेतलेला असतो, त्यामुळे वर्तुळाकार ठिपका अंगावर आडवा लंबगोल होतो. गटातल्या चित्रकार मैत्रिणीने सगळी फुलं थोडी अरुंद काढून दिली. पुतळ्यावर चढवल्यावर ती बरोबर गोल उमलतात. आज संध्याकाळी बराच वेळ मी तो पुतळा फिरवून फिरवून पाहत होते.

पुढचा न ताणणारा भाग हा चित्रासाठी सर्वांत चांगला कॅनव्हास आहे, हेही यातूनच लक्षात आलं. ठसठशीत चित्र तिथे, जाळीवर एकरंगी.

१३ फेब्रुवारी

बाइंडरवर आज वादावादी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

आधी जे निर्विवाद आहे ते. बाइंडर छातीला दाबतो. सर्वसाधारण सल्ला असा की दिवसात ८ तासांहून जास्त घालू नये, घालून झोपू नये, व्यायाम करू नये, एक माप लहान घेऊ नये. इलॅस्टिकचं बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळणं तर मुळीच नको. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाइंडिंग करणाऱ्या १,८०० जणांना विचारलं होतं. त्यातल्या ९७ टक्क्यांनी पाठदुखी, श्वास अपुरा पडणं, त्वचेचा त्रास असं निदान एक तरी काहीतरी सांगितलं. आठवड्यातले किती दिवस घालता, याच्याशी त्रासाचा संबंध सर्वांत सातत्याने दिसला. म्हणजे मधूनमधून सुटीचा दिवस घेणं खरोखर उपयोगी आहे. आणि तरीही लोक घालतात, कारण त्यानेच त्यांना घराबाहेर पडता येतं, मान वर करून बोलता येतं. ज्याला हे मिळतं त्याला 'घालू नकोस' म्हणणं सोपं आहे, पण ते काही उत्तर नाही.

आता वाद. चाचणीसाठी घालणाऱ्या मुलाने फुलांच्या कापडाचा बाइंडर अंगावर चढवला आणि म्हणाला, हा मी काढणारच नाही. सगळे हसले. मला मात्र काळजी वाटली. आपण दाब देणारा कपडा जितका देखणा करू तितका तो जास्त वेळ अंगावर राहील. करडा बाइंडर निदान घरी आल्यावर काढून टाकावासा वाटतो. मग रंग द्यायचाच नाही का? एका बाजूचं म्हणणं तसंच होतं, की बाइंडर साधा ठेवा. दुसरी बाजू म्हणाली, म्हणजे परत आमच्या वाट्याला बँडेजच.

बोलता बोलता निर्णय झाला, आणि या सगळ्या प्रकल्पात मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. बाइंडरसोबत त्याच चित्राची एक बंडी द्यायची. दाब शून्य. मऊ सुती, मुंढा सैल, छातीवर चित्र जरा दाट, म्हणजे उभार चटकन नजरेत भरत नाही. सर्वांत तेजस्वी रंग या बंडीला. बाइंडरला त्याच चित्राची शांत छटा. संध्याकाळी बाइंडर काढल्यावर माणसाने काहीतरी गमावल्यासारखं जुन्या टी-शर्टात शिरू नये. त्याच्यासाठी जास्त सुंदर असं काहीतरी खुंटीला तयार असावं. छातीची शस्त्रक्रिया होऊन जखमा पूर्ण बऱ्या झालेल्यांनाही ती बंडी चालेल.

आतल्या खालच्या पट्टीवर, घालताना-काढताना दिसेल असं, '८ तास' छापायचं. आणि धापा लागल्या, दुखलं, बधिर झालं तर लगेच काढा, हे शब्द लेबलावर.

२० फेब्रुवारी

रंगाच्या पक्केपणाच्या चाचण्या. आयएसओ १०५ या मालिकेतल्या धुणं, घासणं आणि घाम अशा तिन्ही करून घेतल्या. घामाची चाचणी दोन द्रावणांत होते, एक आम्लधर्मी, पीएच ५.५, आणि एक अल्कधर्मी, पीएच ८, कारण घाम ताजा असताना आणि मुरल्यावर वेगळा वागतो. निकाल करड्या पट्टीवर १ ते ५, पाच म्हणजे उत्तम.

जवळपास सगळे ४ किंवा त्यावर. मोरपंखी मात्र ओल्या घासण्यात ३ वर अडकला. त्यातल्या फिरोजी रंगाचा रेणू आकाराने मोठा असतो, जादा राहिलेला रंग धाग्यातून सहज निघून जात नाही. रंगाऱ्याने गरम साबणाच्या पाण्यातून आणखी धुवून काढतो म्हटलंय. तोवर मोरपंखी आतल्या थरात वापरायचा नाही.

२७ फेब्रुवारी

झेंड्याचे रंग घ्यायचे की नाही?

अमेरिकेतल्या ट्रान्स कार्यकर्त्या मोनिका हेल्म्स यांनी १९९९ मध्ये ट्रान्स झेंडा केला. दोन फिकट निळे पट्टे, दोन गुलाबी, मध्ये पांढरा. २००० मध्ये तो फीनिक्सच्या प्राइड मिरवणुकीत पहिल्यांदा फडकला आणि २०१४ मध्ये मूळ झेंडा त्यांनी स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला. तो कसाही उलटा धरला तरी सुलटाच दिसतो, आणि हे त्यांनी जाणूनबुजून केलं होतं. कापणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर याचा केवढा फायदा! एका दिशेची नक्षी असली की सगळे तुकडे एकाच दिशेने मांडावे लागतात आणि मधलं कापड वाया जातं. हे पट्टे दोन्हीकडून सारखे, तुकडे उलटसुलट एकमेकांत बसवता येतात.

पण गटात मतं वेगळी पडली. तरुण मंडळींना पट्टे हवेत, कंबरपट्टीवर, ठळक. ताईंना नकोत. त्या म्हणाल्या, मला डाळिंबी आवडतो म्हणून डाळिंबी घालायचाय, माझ्या कपड्याने माझी ओळखपत्रं कशाला दाखवायची? दोघांचंही खरं आहे. पट्टे एकाच प्रकारात, तोही आतल्या बाजूला. बाहेरून गडद निळा. ९ जानेवारीला निघताना जो बोलला होता त्याच्यासाठी हाच कपडा. वर कंपनीचं चिन्ह नाही, लेबल फाडून काढता येईल असं. नॉन-बायनरी झेंड्याचे पिवळा, पांढरा, जांभळा, काळा हेही त्याच पद्धतीने होतील.

८ मार्च

ब्रा. दुकानातल्या ब्रा आमच्यातल्या बऱ्याच जणींना का बसत नाहीत ते आज मापं घेताना स्वच्छ दिसलं. बरगड्यांचा घेर मोठा, खांदे रुंद, स्तन तुलनेने लहान आणि एकमेकांपासून दूर. मोठ्या घेराच्या ब्राला कपही मोठेच येतात. लहान कप घ्यावे तर घेर पुरत नाही आणि कप मधल्या बाजूला जवळ ओढले जातात. आम्ही दोन कपांमधली पट्टी रुंद केली, खांद्याचे पट्टे बाहेरच्या बाजूला नेले, मागे हुकांच्या जास्त रांगा.

आणखी एक. हार्मोन सुरू असताना स्तनांची वाढ वर्षानुवर्षं हळूहळू होते आणि सुरुवातीला ते फार हुळहुळे असतात, साधा शर्ट घासला तरी कळ येते. म्हणून कपाच्या टोकावरून शिवण जाऊ द्यायची नाही. कप एकाच तुकड्याचा, ताणाचा, वाढीला जागा देणारा. खिसा बाजूने उघडा, सिलिकॉनचा कप घालणारीने घालावा, नको झाला की काढावा, ब्रा तीच राहावी. ताईंची लेस खालच्या काठाला लावली, अंगाला न लागता बाहेर वळेल अशी.

१५ मार्च

पॅकिंग बॉक्सर. आतला खिसा वरून उघडा, मऊ सुताचा. सिलिकॉनच्या पॅकरला वजन असतं, खिसा फक्त कापडाला शिवला तर दुपारपर्यंत लोंबतो. त्याचे दोन्ही कोपरे सरळ कंबरपट्टीत शिवले. पुढच्या भागावर मोठी फुलं. ज्याने ती उचलली होती त्याने घालून पाहिली, आरशासमोर दोनदा वळला आणि परत द्यायला नकार दिला.

२४ मार्च

३१ मार्चला ट्रान्सजेंडर डे ऑफ व्हिजिबिलिटी, म्हणजे ट्रान्स माणसांनी उघडपणे समोर येण्याचा दिवस आहे, २००९ पासून पाळला जातो. त्या दिवशी हे कपडे लोकांसमोर आणावेत असा आग्रह झाला. मी हो म्हटलं, दोन अटींवर. छायाचित्रांत चेहरे ज्यांना दाखवायचे आहेत त्यांचेच. आणि घालण्याआधीचं व नंतरचं असं तुलनेचं छायाचित्र एकही नाही. बाइंडरने छाती किती सपाट होते हे कुणाच्या शरीरावर मोजून दाखवायचं नाही. कापड, शिवण, रंग जवळून दाखवू. पुरे आहे.

गॅफच्या लेबलाचा मजकूरही पक्का केला. दुखेपर्यंत घट्ट करू नका. पाणी प्या, लघवी अडवू नका. पुरळ आली तर काही दिवस विश्रांती द्या. टकिंगच्या उष्णतेने आणि दाबाने शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, पुढे मूल हवं असेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या. हे शेवटचं वाक्य कुणी सहसा लिहीत नाही. आम्ही लिहिलं. धुण्याच्या सूचना सगळ्यांना सारख्या: थंड पाणी, ब्लीच नको, पिळू नका, सावलीत वाळवा. क्लोरीन आणि उष्णता दोन्हींनी स्पँडेक्स मरतो, आणि मेलेल्या स्पँडेक्सचा बाइंडर कितीही सुंदर असला तरी वेडावाकडा दाबतो.

२ एप्रिल

कापायला दिलं. गॅफ डाळिंबी, शेंदरी आणि फुलांचा. बाइंडर आणि बंडी जोडीने, फुलांची आणि पिवळ्या-जांभळ्या ठिपक्यांची. बॉक्सर फुलांची आणि आतून पट्ट्यांची गडद निळी. ब्रा डाळिंबी आणि पोपटी, जो आता ताजा, कोवळा आला आहे. मोरपंखी धुऊन परत आला, ओल्या घासण्यात ४, तोही गॅफला घेतला.

मापं मोठ्या बाजूला आणखी वाढवायची आहेत. काल आलेल्या चौकशीतल्या बऱ्याच जणी आमच्या तक्त्याच्या पुढच्या होत्या, आणि मोठ्या मापात नुसता पॅटर्न फुगवून चालत नाही, जाळीचा ताण नव्याने धरावा लागतो. पुढच्या आठवड्यात त्यांना प्रत्यक्ष मापाला बोलावलं आहे. पाळीच्या बॉक्सरसाठी टेरीचं शोषक कापड आलं आहे. ते आटतं, म्हणून कापण्याआधी उद्या धुऊन घेते.